गेटपासून नऊ मीटर: मडगावच्या एका सोसायटीचं सांडपाणी आणि साळ नदी

मडगावात फातोर्ड्याच्या बाजूला आमची 20 फ्लॅटची सोसायटी आहे. तळमजला धरून चार मजले, 1990 च्या दशकातलं बांधकाम, राहणारी माणसं 74. माणसं मी दारोदार जाऊन मोजली आहेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे. इमारत उभी आहे तिथे एके काळी भातशेत होतं. मातीचा भराव टाकून ते वर उचललं, पण आजूबाजूचं पाणी ही गोष्ट विसरलेलं नाही. जून उजाडला की ते आपल्या जुन्या जागेवर येऊन बसतं.

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर सोसायटीची सेक्रेटरी झाले, म्हणजे बाकी कोणी तयार नव्हतं म्हणून मला केलं. पहिल्याच वर्षी, 2022 च्या जूनमध्ये, तळमजल्यावरच्या वहिनी सकाळी सात वाजता दारात उभ्या. त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीतून पाणी खाली जायच्या ऐवजी वर येत होतं. सेप्टिक टँक उपसायला टँकर बोलावला. टँकर आला, टाकी रिकामी करून गेला आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या टँकरलाही तेच. तिसऱ्या वेळी आमच्या प्लंबरने टाकीचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "टीचर, टांकी न्हय भरूंक, जमीन भरल्या." म्हणजे टाकी नव्हे, जमीनच भरली आहे.

या एका वाक्यात सगळं प्रकरण होतं, पण ते मला कळायला दोन महिने लागले.

सेप्टिक टँक म्हणजे सांडपाण्यावरची प्रक्रिया, असा आपला समज असतो. तो निम्माच खरा आहे. टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेल-चरबी वर तरंगते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तळचा गाळ हळूहळू खातात. मधलं पाणी मात्र पुढे जातं, आणि त्यात घाणीचा बराच मोठा वाटा विरघळलेल्या रूपात शिल्लक असतो. उरलेलं काम शोषखड्ड्याने आणि त्याभोवतीच्या मातीने करायचं असतं. माती गाळते, मातीतले जिवाणू खातात. पण त्यासाठी मातीच्या कणांमध्ये हवा लागते आणि पाण्याला मुरायला जागा लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, भराव टाकलेल्या शेतात, जून ते सप्टेंबर ती जागा नसते. शोषखड्डा तेव्हा शोषत नाही, नुसता खड्डा राहतो.

मग आमच्या 74 माणसांचं पाणी इतकी वर्षं दर पावसाळ्यात जात कुठे होतं?

मी वर्गात करायचे तसा प्रयोग केला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये खायचा लाल रंग ओतला आणि नळ सोडून ठेवला. खाली रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारापाशी चेअरमन छत्री धरून उभे होते. चार मिनिटांत त्यांनी हाक मारली. गटार लाल. म्हणजे सिंकचं आणि न्हाणीघरांचं पाणी सेप्टिक टँकमध्ये कधी जातच नव्हतं. बिल्डरने ते बांधकामाच्या वेळीच थेट गटारात सोडलं होतं. संडासाच्या पाण्यासाठी वेगळा रंग टाकून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. टाकीत पाणी दिवसभर तरी रेंगाळतं, त्यामुळे रंग फिका होऊन आला. पण आला. टाकीच्या वरच्या अंगाला चार इंची पाइप होता, भिंतीत लपवलेला, तोही त्याच गटारात निघत होता. नकाशावर हा पाइप नाही. तो कोणी घातला याचा शोध घेण्यात मी एक संध्याकाळ वाया घालवली. अशा पाइपाला आई-बाप नसतात.

आमचं गटार नाल्याला मिळतं आणि नाला साळ नदीला.

साळ ही मोठी नदी नाही. मांडवी, जुवारीच्या पंगतीत तिला कोणी बसवत नाही. वेर्ण्याच्या बाजूला उगम पावते, नुवे, मडगाव, नावेली करत दक्षिणेला वळते, वार्का, ओर्ली, कार्मोणा, असोळणा, केळशी मागे टाकून मोबोर-बेतुलपाशी समुद्राला मिळते. घाटातून येणारं पाणी तिच्या वाट्याला नाही. पावसाळा संपला की वरून येणारा प्रवाह रोडावतो आणि नदीत चालतं ते मुख्यतः भरती-ओहोटीचं राज्य. मडगावच्या पश्चिमेला खारेबांद नावाचा भाग आहे. तिथल्या पुलावरून रोज हजारो माणसं जातात, पण नावाकडे कोणाचं लक्ष जात नाही. खारं पाणी अडवणारा बांध तो खारेबांद. खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, आणि तिची मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं, राखणाऱ्या लोकांनी ठेवलेलं हे नाव आहे. समुद्र कुठवर येतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भरतीच्या नदीत सोडलेली घाण समुद्रात निघून जाते, हा दुसरा मोठा गैरसमज. ओहोटीला ती चार पावलं खाली जाते आणि भरतीला तीन पावलं वर येते. जानेवारी ते मे या काळात, वरून ढकलणारं पाणी नसताना, तीच घाण त्याच पट्ट्यात दिवसेंदिवस हेलकावे खाते. पावसाळ्यात सांडपाणी ओसंडतं जास्त पण वाहूनही जातं. उन्हाळ्यात ओसंडतं कमी पण हलत नाही. आमचं सिंकचं पाणी तर बारा महिने जात होतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात गोव्याचे 11 होते, आणि साळीचा खारेबांद ते मोबोर हा पट्टा त्यांतला एक. त्या यादीत जायचा निकष साधा आहे. पाण्याची बीओडी लिटरला 3 मिलिग्रामपेक्षा जास्त असेल तर ते पाणी आंघोळीलाही योग्य धरत नाहीत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. घाण स्वतः माशाला मारत नाही बहुधा; घाण खाणारे जिवाणू माशाच्या वाटचा प्राणवायू संपवतात. पंक्तीला न बोलावलेले पाहुणे येऊन जेवून जावेत आणि घरच्यांना उपाशी राहावं लागावं, तसं.

आता आमचा हिशेब. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं सरकारी नियोजनात धरतात, आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. 74 माणसांचं होतं दिवसाला 8,000 लिटर. कच्च्या सांडपाण्याची बीओडी लिटरला 250 मिलिग्राम धरली तर आमची इमारत दिवसाला 2 किलो प्राणवायूची मागणी नदीपुढे ठेवते. सेप्टिक टँकने त्यातलं थोडं अडवलं असं मानून दीड किलो म्हणू. नदीच्या पाण्यात लिटरमागे विरघळलेला प्राणवायू असतो साधारण 7 मिलिग्राम. माशांना धड जगायला निदान 4 तरी राहायला हवा, म्हणजे खर्चायला उरले 3. दीड किलो भागिले 3 मिलिग्राम: पाच लाख लिटर. चार मजल्यांची एक साधी इमारत, जिच्यात कोणी कारखाना चालवत नाही, रोज पाच लाख लिटर नदी माशांसाठी कठीण करून ठेवू शकते. वाऱ्याने, लाटांनी नदी हवेतून प्राणवायू परत घेते हे खरं, पण आपण तिला तेवढी उसंत देत नाही आणि मडगावात इमारत एकच नाही.

हा हिशेब मी वहीच्या पाठच्या पानावर केला आणि त्या रात्री मला नीट झोप आली नाही. मी याच नदीतले खुबे आवडीने खाल्लेले आहेत. खुबे, तिसऱ्या, कालवं हे जीव पाणी गाळून जगतात. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ते त्यांच्या अंगात साठतात.

आता शीर्षकातल्या नऊ मीटरकडे येते. आमच्या गेटपासून नऊ मीटरवर, रस्त्याच्या मधोमध, मलवाहिनीचं मॅनहोल आहे. लोखंडी गोल झाकण. त्यावरून आमच्या मुलांनी सायकली चालवल्या, गणपतीत फटाके लावले. ही वाहिनी शिरवड्याच्या मलनिस्सारण प्रकल्पाकडे जाते. तिथे मडगावच्या सांडपाण्यावर प्रक्रिया होते. वाहिनी घालताना रस्ता खणला तेव्हा आम्ही सगळ्यांनी धुळीबद्दल तक्रारी केल्या होत्या. वाहिनी घातली, रस्ता बुजला आणि आम्ही जोडणी घेतलीच नाही. गोव्यात 2008 सालचा मलनिस्सारण व्यवस्थेचा कायदा आहे. वाहिनी दाराशी पोहोचली की जोडणी घेणं मालकावर येतं. सोसायटीच्या फायलीत तशी नोटीसही सापडली. कोणीतरी तिच्या पाठीवर किराणा सामानाची यादी लिहिली होती.

एका संबंधित कार्यालयात मी चौकशीला गेले तेव्हा तिथल्या माणसाने आधी मला दुसऱ्या टेबलाकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलं, आणि तिसरं टेबल रजेवर होतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आमची फाइल इतकी वर्षं आम्हीच दाबून ठेवली होती. त्यांची एक दुपार माफ आहे.

माझा एक जुना विद्यार्थी मलनिस्सारण प्रकल्पात ऑपरेटर आहे. कुठल्या ते सांगत नाही, त्याला नोकरी करायची आहे. त्याने मला एक दिवस आत फिरवलं. नाकाला रुमाल लावायची तयारी ठेवून गेले होते. दारातल्या पहिल्या दहा पावलांनंतर तो पर्समध्ये ठेवला.

पहिली असते जाळी. तिच्यात अडकलेलं बघितलं की माणूस आपल्या शहराबद्दल नम्र होतो: चिंध्या, सॅनिटरी पॅड, शॅम्पूच्या पुड्या, केसांचे गुंते, एक अख्खा चमचा. पुढे वाळू बसायची टाकी. वाळू इथे धरली नाही तर ती पंपांची पाती खाते. तिथून पाणी हवेच्या टाकीत. तळाशी बसवलेल्या चकत्यांतून बारीक बुडबुडे येतात आणि टाकी कॉफीच्या रंगाने उकळत असल्यासारखी दिसते. वास घाणीचा नाही, पहिल्या पावसात मातीला येतो त्याच्या जवळचा. "हा वास आला की समजायचं जिवाणू खूश आहेत," विद्यार्थी म्हणाला.

खरं काम इथे होतं, आणि ते नदीतच होणारं काम आहे. नदीतही जिवाणू घाण खातात, इथेही खातात. फरक इतकाच की नदीत ते माशांच्या वाटचा प्राणवायू वापरतात, इथे विजेवर चालणारा ब्लोअर त्यांना वेगळा आणून देतो. नदीत कोट्यवधी लिटर पाण्यात जिवाणू विखुरलेले, इथे एका टाकीत दाटीवाटीने. नदीला जे करायला कित्येक दिवस आणि कित्येक किलोमीटर लागले असते ते इथे काही तासांत उरकतं. पोट भरलेले जिवाणू एकमेकांना चिकटून गोळे होतात, पुढच्या टाकीत तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. तळचा काही गाळ काढून वाळवतात. काही पुन्हा पहिल्या टाकीत सोडतात, विरजण म्हणून. कालच्या दह्यातलं चमचाभर राखून आजचं दूध लावावं तसं. पणजीत टोंक इथला 12.5 एमएलडीचा, म्हणजे रोज सव्वा कोटी लिटरचा प्रकल्प हीच कामं एकाच टाकीत आळीपाळीने करतो: टाकी भरायची, हवा द्यायची, हवा बंद करून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं, पुन्हा भरायची. तिथलं शुद्ध केलेलं पाणी सांतिनेजच्या खाडीतून मांडवीला जातं. शेवटी क्लोरीन, जंतूंसाठी.

ऑपरेटरकडे महागडी यंत्रं होती, पण त्याचा भरवसा एका लिटरच्या काचेच्या नळकांड्यावर. हवेच्या टाकीतलं पाणी त्यात भरायचं आणि घड्याळ लावून अर्धा तास बघत बसायचं. गाळ साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत खाली बसला आणि वर काचेसारखं पाणी राहिलं, तर दिवस चांगला. गाळ फुगून वर राहिला, तर कुणीतरी काहीतरी सोडलंय. बहुतेक वेळा तेल. गोव्यातल्या स्वयंपाकघरातलं तळण, हॉटेलांच्या मोऱ्यांतली चरबी हे पाइपात थिजतं आणि टाकीत जिवाणूंच्या अंगाला चिकटतं. हॉटेलांनी मोरीला तेल अडवणारी पेटी बसवायची असते. ती बसवलेली असते, उपसलेली नसते.

किती शुद्ध झालं म्हणजे पुरे? केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेत महानगरांबाहेर बीओडीची मर्यादा लिटरला 30 मिलिग्राम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये तो निकष सैल ठरवून 10 वर आणायला सांगितलं. दहाचा आकडा धरला तर आमच्या इमारतीचे ते 2 किलो 80 ग्रामवर येतात. दोन किलो आणि ऐंशी ग्राम यांच्यामध्ये नऊ मीटर.

निघताना विद्यार्थ्याने शुद्ध केलेल्या पाण्याची एक बाटली भरून दिली. ती मी सोसायटीच्या बैठकीसाठी मागितली होती.

आकड्यांनी माणसं हलत नाहीत हे तीस वर्षं शिकवल्यावर मला ठाऊक होतं. म्हणून बैठकीच्या आदल्या संध्याकाळी काचेच्या बुचाच्या तीन बाटल्या काठोकाठ भरल्या: एकीत नळाचं पाणी, दुसरीत प्रकल्पातलं, तिसरीत आमच्या गटारातलं. प्रत्येकीत मिथिलीन ब्ल्यूचे सारखे थेंब. पाण्यात प्राणवायू आहे तोवर हा रंग निळा राहतो. जिवाणूंनी प्राणवायू संपवला की रंग उडतो. जुनी, स्वस्त चाचणी आहे. रविवारी सकाळी बैठकीला लोक आले तेव्हा टेबलावर दोन बाटल्या निळ्या आणि आमची बाटली मळकट पांढरी. बूच काढलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या मागे घेतल्या.

तरी विरोध झालाच, आणि सगळाच काही मूर्खपणाचा नव्हता. "आपण एकट्यांनी करून नदीला काय फरक पडणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. "सेप्टिक टँकला पैसे घातलेत, आता हे दुसरं" यावर चेअरमननी टँकरची बिलं वाचून दाखवली. प्रत्येक घराला येणारा खर्च टँकरच्या दोन पावसाळ्यांएवढाच निघाला. (शिवाय उपसलेला टँकर जातो कुठे हेही कोणी विचारत नाही. रात्री व्हाळात, म्हणजे ओढ्यात, रिकामा केल्याच्या बातम्या गोव्यात नव्या नाहीत.) एक आजोबा म्हणाले, आमच्या लहानपणी डुकरं होती, कसला प्रकल्प न् कसलं काय. सगळे हसले, पण डुकरांचे पायखाने, जिथे मैला डुकरंच खाऊन टाकत, हीसुद्धा एक व्यवस्थाच होती. ती गेली आणि तिच्या जागी आपण डोळ्यांआड करण्यापलीकडे काही आणलं नाही, हे त्यांच्या बोलण्यात होतं.

खरा मुद्दा तळमजल्यावरच्या वहिनींनी काढला. "मोठ्या पावसात त्या लाइनीतलं पाणी उलटं माझ्या घरात आलं तर?"

या एका प्रश्नामुळे आमचं काम वाचलं.

जोडणीची परवानगी मिळाली आणि डिसेंबरात खणायला सुरुवात झाली. पहिली अडचण उताराची. संडासाचे पाइप इमारतीच्या मागच्या बाजूला, मॅनहोल पुढच्या. मागच्या चेंबरपासून गेटपर्यंत 22 मीटर आणि पुढे ते नऊ. सहा इंची पाइपाला साठ मीटरमागे एक मीटर उतार धरला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या मीटरहून थोडा जास्त फरक हवा. उतार कमी पडला तर मैला मागे राहतो. प्लंबरने पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना पातळी धरली, भिंतीवर खडूने रेघा मारल्या, दोनदा मोजलं, आणि मागचं चेंबर वर उचलावं लागेल असं सांगितलं. चेंबर उचललं. सिंक आणि न्हाणीघरांचे पाइप प्रथमच संडासाच्या पाइपाला येऊन मिळाले. प्रत्येक वळणावर झाकण उघडून काठी घालता येईल असं चेंबर ठेवलं. टाकी उपसून, चुना मारून, तळाला भोकं पाडून चिऱ्यांच्या तुकड्यांनी आणि वाळूने भरून टाकली. भिंतीतल्या त्या निनावी पाइपात प्लंबरने काँक्रीट भरलं आणि वरून थापीने तारीख कोरली. मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर ठेकेदाराचा माणूस गच्चीवरून येणारा पावसाचा पाइप नव्या चेंबरला जोडत होता. "सगळं एकाच लाइनीत, टीचर. नीट दिसतं."

वहिनींचा प्रश्न तेव्हा आठवला. आमची गच्ची 350 चौरस मीटर आहे. गोव्यात जुलैतल्या एखाद्या दिवशी 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे काही नवल नव्हे. त्या दिवशी या एका गच्चीवरून 35,000 लिटर पाणी उतरतं. इमारतीचं सांडपाणी आहे 8,000 लिटर. मलवाहिनी सांडपाण्याच्या मापाने घातलेली असते. निम्म्या शहराने "नीट दिसतं" म्हणून गच्च्या जोडल्या की मुसळधार पावसात वाहिनी तुडुंब भरते, पाणी सर्वांत खालच्या जाळीतून, म्हणजे तळमजल्यावरच्या वहिनींच्या न्हाणीघरातून, बाहेर येतं. आणि प्रकल्पात जे पोहोचतं ते इतकं पातळ आणि इतकं वेगाने की टाकीत गाळ बसायला सवड मिळत नाही. महिनोन्महिने वाढवलेलं विरजण पाण्याबरोबर नदीत वाहून जातं. मग पाऊस थांबल्यावरही प्रकल्प कित्येक दिवस लंगडत चालतो. नदी वाचवायला घेतलेल्या जोडणीनेच प्रकल्प धुऊन काढायचा, असा तो प्रकार झाला असता.

पावसाचा पाइप परत गटारात गेला. गटार पावसासाठीच असतं. तळमजल्याच्या पाइपाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवली, आणि ती कशी उघडून साफ करायची ते वहिनींना दाखवलं.

उलट टोकाचा धोकाही त्या विद्यार्थ्याने सांगितला होता. जोडण्या कमी आल्या तर प्रकल्प उपाशी राहतो. टाकी मोठी, अन्न थोडं. जिवाणू मरतात, गाळ धरत नाही, आणि ब्लोअरचं वीजबिल मात्र पूर्ण येतं. गोव्यात प्रकल्पांची क्षमता आणि प्रत्यक्ष आलेल्या जोडण्या यांच्यातली दरी हा जुना विषय आहे. केंद्राच्या नदी संवर्धन योजनेतून नावेलीत साळीसाठी 61.74 कोटींचं काम मंजूर झालं, वाहिन्या आणि प्रकल्प दोन्ही त्यात आहेत. कोटींचे आकडे वर्तमानपत्रात येतात. गेटपासून मॅनहोलपर्यंतचा पाइप कोणाच्याच बातमीत येत नाही, कारण तो सरकारचाही नसतो आणि घराचाही वाटत नाही.

जानेवारीत जोडणी सुरू झाली. दहा दिवसांनी आमच्या समोरचं गटार कोरडं पडलं. कोरडं गटार मी या रस्त्यावर पहिल्यांदा बघितलं. तळाशी चिऱ्यांची फरशी आहे हे तेव्हा कळलं. पुढच्या जूनमध्ये टँकर बोलवावा लागला नाही. नदीचं म्हणाल तर खारेबांदच्या पुलावरून मला काही फरक दिसला नाही, आणि दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. आमच्या बाजूच्या दोन सोसायट्यांनी बाटल्यांचा प्रयोग करून दाखवायला बोलावलं. एकीने अर्ज केला आहे. दुसरीने चहा छान दिला.

यंदा फेब्रुवारीत मात्र एका सकाळी गटाराच्या कडेने पाण्याची बारीक धार दिसली, वर पांढरा फेस. रंगाची पुडी घरात होतीच. तिसऱ्या मजल्यावर आठवड्यापूर्वी नवीन वॉशिंग मशीन आलं होतं. बसवायला आलेल्या मुलाने मशीनचा पाइप बाल्कनीतल्या जवळच्या पाइपात सोडला होता, म्हणजे पावसाच्या. मी मशीनमध्ये चिमूटभर रंग टाकायला सांगितलं. त्यांनी आधी कपडे बाहेर काढले. चेअरमन खाली जाऊन उभे राहिले, या वेळी छत्रीशिवाय.

तीन मिनिटं लागली.